पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सेव्ह' दाबल्यावर नक्की काय होतं? तुमचा पीएफ तिथेच ठरतो

महिन्याचा पहिला आठवडा. मोबाईलवर मेसेज येतो, खात्यात पगार जमा. आपण आकडा बघतो, घराचा हप्ता, किराणा, पोरांची फी असं मनातल्या मनात वाटून टाकतो आणि विषय संपवतो.

पण हा आकडा आला कुठून?

मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी मोठमोठ्या सिस्टीम असतात. पण भोसरी, सातपूर, वाळूज, कुडाळ, कुठलीही एमआयडीसी घ्या. तीस-चाळीस कामगारांचं वर्कशॉप असेल तर पगाराचं सगळं गणित ऑफिसमधल्या एका कॉम्प्युटरवर चालतं. त्यात कुणीतरी कधीतरी बनवून दिलेलं एक छोटं सॉफ्टवेअर असतं. अकाउंटंट हजेरी भरतो, उचल भरतो, ओव्हरटाईम भरतो आणि 'सेव्ह' दाबतो. स्क्रीनवर एक चौकोन उमटतो, 'रेकॉर्ड सेव्ह्ड'.

तो चौकोन दिसायला जेवढा साधा, तेवढी त्याच्यामागची गोष्ट साधी नाही. तिथे झालेली चूक कामगाराला कधी लगेच कळते, तर कधी पंधरा वर्षांनी, पीएफ काढायला गेल्यावर.

म्हणूनच हे 'सेव्ह' बटण नक्की काय करतं, ते सोप्या भाषेत समजून घेऊ.

कॉम्प्युटरच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे पगार

कॉम्प्युटर म्हटलं की रॉकेट आणि अणुबॉम्बची गणितं डोळ्यासमोर येतात. पण ऑफिसच्या कामासाठी कॉम्प्युटर पहिल्यांदा वापरला तो इंग्लंडमधल्या एका चहा-बिस्किटं विकणाऱ्या कंपनीने. जे. लायन्स अँड कंपनी हे तिचं नाव. देशभर चहाची दुकानं, बेकऱ्या आणि हजारो नोकर. त्यांनी स्वतःच कॉम्प्युटर बांधला आणि त्याचं नाव ठेवलं लिओ.

1951 मध्ये लिओवर बेकरीच्या मालाचा हिशोब सुरू झाला आणि 1954 मध्ये त्यावर पगार निघायला लागले. अनुभवी कारकुनाला एका माणसाचा पगार काढायला जिथे साधारण 8 मिनिटं लागायची, तिथे लिओ दीड सेकंदात मोकळा व्हायचा.

हिशोबाचा प्रश्न सुटला. आता प्रश्न आला तो साठवण्याचा. हजारो माणसांची माहिती अशी कशी ठेवायची, की हवी तेव्हा सापडेल आणि एका जागी बदलली की सगळीकडे जुळेल?

त्याचं उत्तर 1970 मध्ये आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड या गणितज्ञाने दिलं. माहिती टेबलांमध्ये ठेवा, टेबलं एकमेकांना समान नंबराने जोडा, असा त्याचा विचार होता. पुढे आयबीएममध्येच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी या टेबलांशी बोलायची भाषा तयार केली. तिलाच आज आपण एसक्यूएल म्हणतो. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस असो, मायएसक्यूएल असो, एसक्यूएल सर्व्हर असो की मोबाईलमध्ये बसणारं एसक्यूलाईट, सगळे याच विचारावर उभे आहेत.

एक्सेल आहे की, मग डेटाबेस कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. दहा माणसं असतील तर एक्सेल चालतंही. पण एक्सेल कशालाही नाही म्हणत नाही. पगाराच्या कोठ्यात 'उद्या देतो' असं लिहिलं तरी ते मुकाट्याने ठेवून घेतं. एखादी ओळ चुकून दोनदा चिकटवली तरी हरकत घेत नाही.

डेटाबेसला आधीच नियम सांगून ठेवता येतात. या कोठ्यात फक्त आकडाच येईल. हजेरीचे दिवस 31 पेक्षा जास्त नसतील. ज्या कामगाराची नोंदच नाही, त्याच्या नावावर पगार पडणार नाही. नियम मोडला की डेटाबेस नोंद घ्यायला साफ नकार देतो. त्याचा हा नकार हीच त्याची खरी किंमत.

पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये साधारण अशी टेबलं असतात. एक कामगारांचं, त्यात टोकन नंबर, नाव, रुजू तारीख, पीएफचा यूएएन नंबर, बँक खातं. दुसरं हजेरीचं. तिसरं उचल आणि कर्जाचं. चौथं दर महिन्याच्या पगाराचं. या सगळ्यांना जोडणारा धागा म्हणजे टोकन नंबर.

नाव का नाही? कारण एका कारखान्यात दोन संतोष पाटील असणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे. नावावर हिशोब ठेवला तर एकाची उचल दुसऱ्याच्या पगारातून कापली जाईल. म्हणून ओळख नंबराने आणि नाव फक्त छापायला.

एका पगाराचं गणित करून बघू

समजा टोकन नंबर 27 हा पुरुष कामगार आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 14,500 रुपये, इतर भत्ते नाहीत, हजेरी पूर्ण.

पीएफ 12 टक्के, म्हणजे 1,740 रुपये.

ईएसआय 0.75 टक्के, म्हणजे 108 रुपये 75 पैसे. हा आकडा पुढच्या पूर्ण रुपयावर नेतात, म्हणून 109.

महाराष्ट्राचा व्यवसाय कर 200 रुपये. फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2,500 होतात.

एकूण कपात 2,049. हातात 12,451 रुपये.

मालकालाही आपला वाटा भरायचा असतो. पीएफचे तेवढेच 1,740. पण ते सगळे पीएफच्या खात्यात जात नाहीत. त्यातले 8.33 टक्के, म्हणजे 1,208 रुपये पेन्शनच्या खात्यात जातात आणि उरलेले 532 पीएफमध्ये. ईएसआयचे 3.25 टक्के, म्हणजे 472 रुपये.

आता बघा, एका माणसाच्या एका महिन्यामागे किती आकडे झाले. 'सेव्ह' दाबल्यावर हे सगळे एकाच वेळी, आपापल्या जागी जायला हवेत.

बटण दाबल्यावरचा प्रवास

पहिल्यांदा सॉफ्टवेअर फॉर्ममधली माहिती तपासतं. रकाना रिकामा तर नाही ना, आकड्याच्या जागी अक्षर तर नाही ना.

मग ते डेटाबेसशी कनेक्शन जोडतं. डेटाबेस त्याच कॉम्प्युटरवर असेल किंवा शेजारच्या खोलीतल्या सर्व्हरवर.

त्यानंतर ते एसक्यूएलमध्ये हुकूम देतं. 'इन्सर्ट' म्हणजे नवीन नोंद घाल, 'अपडेट' म्हणजे असलेली बदल.

डेटाबेस आपले नियम तपासतो. सगळं ठीक असेल तर नोंद डिस्कवर लिहितो आणि उलट कळवतो, झालं.

हे 'झालं' ऐकल्यावरच स्क्रीनवर 'रेकॉर्ड सेव्ह्ड' यायला हवं. पण घाईत बनवलेल्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये गडबड इथेच असते. जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये एक ओळ लिहिता यायची, तिचा अर्थ असा की चूक झाली तरी थांबू नकोस, पुढच्या ओळीवर जा. प्रोग्रॅम बंद पडू नये म्हणून ती सर्रास घातली जायची. परिणाम काय? डेटाबेसने नोंद नाकारली तरी पुढची ओळ चालते आणि पुढची ओळ असते 'रेकॉर्ड सेव्ह्ड'. अकाउंटंट निश्चिंत. नोंद मात्र कुठेच नाही.

म्हणून चांगल्या सॉफ्टवेअरचं पहिलं लक्षण हे की ते चूक लपवत नाही. 'टोकन 27 चा पगार सेव्ह झाला नाही, कारण यूएएन नंबर अपुरा आहे' असं स्पष्ट सांगतं.

लाईट गेली तर?

आपल्याकडचा सगळ्यात खरा प्रश्न. चाळीसपैकी बावीस जणांचे पगार सेव्ह झाले आणि लाईट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. आता कुणाचं झालं, कुणाचं राहिलं?

त्याहून वाईट म्हणजे एकाच माणसाचं अर्धं काम. पगाराच्या टेबलात उचलीचा 1,000 रुपयांचा हप्ता कापला गेला, पण उचलीच्या टेबलात बाकी कमी झालीच नाही. पुढच्या महिन्यात त्याच हजारासाठी पुन्हा कात्री.

यावरचा उपाय म्हणजे ट्रान्झॅक्शन. बँकेचा व्यवहार नव्हे, हा डेटाबेसमधला शब्द आहे. याचा अर्थ, ही चार कामं मिळून एकच काम समज. चारही झाली तरच पक्की कर, त्याला म्हणतात कमिट. मध्ये कुठेही अडकलं तर सगळी पुसून पहिल्यासारखं कर, त्याला म्हणतात रोलबॅक. अर्धवट काही ठेवायचं नाही.

चांगला डेटाबेस काय करणार आहे ते आधी एका वेगळ्या नोंदवहीत लिहून ठेवतो. लाईट परत आल्यावर ती वही वाचतो. ज्या कामापुढे 'पक्कं' लिहिलंय ते पूर्ण करतो, बाकीचं रद्द करतो. या विषयावर जिम ग्रे या अमेरिकन शास्त्रज्ञाने मूलभूत काम केलं. त्यासाठी त्याला 1998 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज तुम्ही एटीएममधून निर्धास्तपणे पैसे काढता, त्यामागेही हीच कल्पना आहे.

दोनदा क्लिक, दोनदा पगार

कॉम्प्युटर हळू चालतोय. सेव्ह दाबलं, काही हललं नाही. माणूस काय करतो? परत दाबतो.

सॉफ्टवेअर बेसावध असेल तर एकाच महिन्याच्या दोन नोंदी पडतात. बँकेत पाठवायच्या यादीत एकच नाव दोनदा येतं. जास्तीचा पगार गेला तर तो परत मागायची पाळी येते आणि ती कुणालाच गोड वाटत नाही.

उपाय अगदी स्वस्त आहे. डेटाबेसला एकदाच सांगायचं की टोकन नंबर, महिना आणि वर्ष ही जोडी परत येता कामा नये. याला युनिक की म्हणतात. मग दहा वेळा क्लिक करा, दुसरी नोंद डेटाबेस घेणारच नाही. बटण दाबल्यावर ते थोडा वेळ बंद ठेवणं हेही बरं. पण खरा पहारेकरी डेटाबेसमध्येच हवा. कारण उद्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून दुसरा माणूस तेच काम करू शकतो.

डिसोझांचा पगार का अडतो?

वसईत किंवा गोव्यात पगाराचं सॉफ्टवेअर चालवलेल्या माणसाला हे लगेच कळेल. डिसोझा, डिमेलो ही आडनावं रोमन लिपीत लिहिताना पहिल्या अक्षरानंतर वर एक स्वल्पविरामासारखी खूण येते. अपॉस्ट्रॉफी म्हणतात तिला.

एसक्यूएलमध्ये नेमकी हीच खूण मजकूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे दाखवते. सॉफ्टवेअरने नाव जसंच्या तसं हुकुमात चिकटवलं, तर डेटाबेसला वाटतं नाव पहिल्या अक्षरावरच संपलं. पुढची अक्षरं त्याला हुकूम वाटतात, ती त्याला समजत नाहीत आणि तो नोंद फेकून देतो. मग अकाउंटंट आपला आडनावातली खूणच काढून टाकतो. सॉफ्टवेअरमध्ये नाव एक, आधारवर दुसरं. नावातला असा फरक पुढे पीएफच्या केवायसीला अडथळा होतो.

हे झालं अनवधानाने. पण हीच फट कुणी मुद्दाम वापरली तर? नावाच्या रकान्यात नाव न लिहिता एसक्यूएलचा हुकूमच लिहिला, तर सॉफ्टवेअर तो भाबडेपणाने डेटाबेसला देऊन टाकतं. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. हॅकिंगच्या जुन्या आणि अजूनही चालणाऱ्या प्रकारांपैकी हा एक.

दोन्हींवर इलाज एकच. हुकूम आणि माहिती वेगवेगळी पाठवायची. हुकुमात फक्त रिकामी जागा ठेवायची आणि नाव स्वतंत्रपणे द्यायचं. याला पॅरामीटर वापरणं म्हणतात. मग नावात काहीही असो, डेटाबेस ते फक्त नाव म्हणूनच घेतो. डिसोझांचं आडनाव शाबूत राहतं आणि चोराचा रस्ताही बंद होतो.

5 जूनचे 6 मे कसे होतात?

ही चूक सगळ्यात लबाड, कारण ती ओरडत नाही.

आपण तारीख लिहितो दिवस, महिना, वर्ष अशी. अमेरिकेत आधी महिना. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या एसक्यूएलमध्ये तारीख थेट लिहिली तर ती अमेरिकन पद्धतीने वाचली जाते. तुम्ही 05/06/2023 लिहिलं, मनात 5 जून. अ‍ॅक्सेस समजलं 6 मे.

बरं, 13/06/2023 लिहिलं तर? तेरावा महिना नसतो, म्हणून अ‍ॅक्सेस शहाणपणा करून 13 जून घेतं. म्हणजे 13 तारखेपासून पुढच्या सगळ्या नोंदी बरोबर आणि 12 पर्यंतच्या बऱ्याचशा उलट्यापालट्या. सॉफ्टवेअर तपासताना नेमकी 20 तारीख टाकून बघितली तर सगळं सुरळीत दिसतं.

रुजू तारीख अशी बदलली तर काय बिघडलं? नोकरी किती झाली हे त्याच तारखेवरून मोजतात. ग्रॅच्युइटी, रजा, पगारवाढ, सगळं तिथे येऊन अडतं. उपाय पुन्हा तोच, तारीख पॅरामीटरने, तारीख म्हणूनच द्यायची. आणि स्क्रीनवर महिना आकड्यात न दाखवता अक्षरात दाखवायचा. '5 जून 2023' वाचून कुणाची चूक होत नाही.

एक रुपया कुठे गेला?

कॉम्प्युटरला 0.1 आणि 0.2 ची बेरीज विचारा. अनेक भाषांमध्ये उत्तर 0.3 न येता 0.30000000000000004 येतं. कॉम्प्युटर दोनाच्या पटीत मोजतो आणि दशांश एक हा आकडा त्या पद्धतीत नेमका लिहिताच येत नाही. जसं आपल्याला एक तृतीयांश दशांशात पूर्ण लिहिता येत नाही, तसंच.

एकट्याचा फरक नगण्य. पण बेरजा-वजाबाक्या होत गेल्या की कुठेतरी एक रुपया इकडचा तिकडे होतो. म्हणून पैशाचे रकाने 'फ्लोट' या प्रकारात ठेवायचे नसतात. त्यासाठी डेसिमल किंवा करन्सी असे वेगळे प्रकार असतात. नाहीतर सरळ पैशांमध्ये मोजायचं, 12,451 रुपये म्हणजे 12,45,100 पैसे.

पूर्णांक करण्याचीही एक गंमत आहे. एक्सेलचं राउंड हे फंक्शन 2.5 चे 3 करतं. व्हिज्युअल बेसिकचं राउंड 2.5 चे 2 करतं, कारण ते बरोबर मधल्या आकड्याला जवळच्या सम संख्येकडे नेतं. म्हणून सॉफ्टवेअरची बेरीज आणि अकाउंटंटच्या एक्सेलची बेरीज एक रुपयाने जुळत नाही आणि माणूस रात्री नऊपर्यंत बसून तो रुपया शोधतो. त्यात ईएसआयचा नियम तिसराच, नेहमी वरच्या रुपयावर. प्रत्येक कपातीचा नियम वेगळा लिहावा लागतो, एकच राउंड सगळीकडे चालत नाही.

झालेला पगार परत मोजायचा नसतो

1 जुलै 2019 पासून कामगाराचा ईएसआयचा वाटा 1.75 टक्क्यांवरून 0.75 टक्के झाला. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये दर बदलतात. पण समजा, सॉफ्टवेअरने मार्चची कपात साठवलीच नव्हती, ते दर वेळी नव्याने गुणाकार करून दाखवतं. मग जुलैनंतर मार्चची पगारस्लिप काढली तर ती नव्या दराने निघेल. कामगाराच्या हातातला जुना कागद एक आकडा सांगेल आणि सॉफ्टवेअर दुसरा.

म्हणून नियम असा की त्या महिन्याचे आकडे आणि त्या महिन्याचा दर, दोन्ही साठवायचे. पगार वाटला की त्या महिन्याला कुलूप. नंतर चूक सापडली तर जुनी नोंद खोडायची नाही, पुढच्या महिन्यात फरकाची नवी नोंद करायची. जुने मुनीम वहीत खाडाखोड करायचे नाहीत, तीच शिस्त.

दुरुस्ती करताना आणखी एक धोका असतो. 'अपडेट' हा हुकूम देताना कुणाची नोंद बदलायची हे 'व्हेअर' शब्दाने सांगावं लागतं. ते राहिलं तर डेटाबेस विचारत बसत नाही, सगळ्यांचीच नोंद बदलून टाकतो. एकाला पगारवाढ देताना चाळीस जणांचा पगार सारखा झाला तर समजा, 'व्हेअर' विसरला. कुणी, कधी, काय बदललं याचं वेगळं टेबल असेल तर निदान माग लागतो.

डेटाबेसच्या हातात नसलेलं

डेटाबेस स्वतःचं काम परत फिरवू शकतो. बँकेचं नाही. एकदा बँकेला यादी गेली आणि पैसे जमा झाले, की सॉफ्टवेअरमधला रोलबॅक ते पैसे परत आणत नाही. म्हणून प्रत्येक पगारापुढे स्थिती लिहावी लागते. यादी पाठवली, जमा झाले, खातं बंद असल्याने परत आले. हा रकाना नसेल तर परत आलेला पगार सॉफ्टवेअरमध्ये दिलेलाच दिसतो आणि कामगार चकरा मारत राहतो.

पीएफचंही तसंच. पगारातून कापले म्हणजे भरले असं होत नाही. पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत मालकाने ते प्रत्यक्ष भरायचे असतात.

आणि खोटी माहिती भरली तर डेटाबेस ती इमानदारीने जपतो. महाराष्ट्रात शिक्षकांचे पगार शालार्थ या ऑनलाईन प्रणालीतून होतात. 2025 मध्ये नागपुरात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं आणि पोलीस तपास सुरू झाला. नोंद कोण घालू शकतो आणि ती मंजूर कोण करतो, हे दोन वेगळे हात असावेत, हा धडा छोट्या कारखान्यालाही लागू आहे.

सरकारंही इथे घसरली आहेत

हे फक्त छोट्या ऑफिसचं दुखणं नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या आरोग्य खात्याने मार्च 2010 मध्ये नवी पगार प्रणाली सुरू केली. हजारो कर्मचाऱ्यांपैकी कुणाला पगारच मिळाला नाही, कुणाला कमी, कुणाला जास्त. नर्सेसच्या पाळ्या, रात्रपाळीचे भत्ते, सुट्टीच्या दिवसाचे दर ही गुंतागुंत प्रणालीला झेपली नाही. 2013 मध्ये चौकशी आयोग बसला. या सगळ्याचा एकूण खर्च सुमारे 120 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात मोजला गेला.

कॅनडाच्या केंद्र सरकारची फिनिक्स ही पगार प्रणाली 2016 मध्ये सुरू झाली. तिच्या चुका निस्तरायला पुढची कित्येक वर्षं गेली.

कॉम्प्युटर दोन्हीकडे ताकदीचे होते. चुकलं ते नीट तपासण्यात आणि घाईघाईने जुनं बंद करून नवं सुरू करण्यात. म्हणून जाणकार एकच सांगतात, नवं सॉफ्टवेअर घेतलं तर दोन-तीन महिने जुनं आणि नवं सोबत चालवा. दोन्हींचे आकडे रुपयाला रुपया जुळले की मगच जुनं सोडा.

बॅकअप, म्हणजे खरा बॅकअप

अ‍ॅक्सेससारखा डेटाबेस म्हणजे शेवटी एक फाईल. ती लॅनवर ठेवून चार जणांनी एकदम उघडली आणि मध्येच नेटवर्क तुटलं तर फाईल बिघडू शकते. तिला 2 जीबीची मर्यादाही आहे. माणसं आणि कॉम्प्युटर वाढले की सर्व्हरवर चालणारा डेटाबेस घेणं शहाणपणाचं.

बॅकअप त्याच कॉम्प्युटरच्या दुसऱ्या ड्राईव्हवर घेणं म्हणजे दोन किल्ल्या एकाच खिशात ठेवणं. रॅन्समवेअर आलं तर दोन्ही जातात. एक प्रत बाहेर हवी, कॉम्प्युटरला न जोडलेली. आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायला हवी. न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवता येत नाही.

त्या फाईलमध्ये लोकांचे आधार नंबर, बँक खाती आणि पगार असतात हेही विसरू नये. ती पासवर्डशिवाय पेनड्राईव्हवर फिरवणं म्हणजे चाळीस घरांची कुंडली उघड्यावर ठेवणं.

मग आपण काय करायचं?

तुम्ही सॉफ्टवेअर बनवत नसाल, चालवतही नसाल. पण त्यातली एक नोंद तुमची आहे. ती बरोबर आहे का हे बघणं तुमच्या हातात आहे.

पगारस्लिप मागा आणि जपून ठेवा, मोबाईलवर फोटो काढून ठेवला तरी चालेल. स्लिपवरचा पीएफचा आकडा दर दोन-तीन महिन्यांनी ईपीएफओच्या पासबुकशी ताडून बघा. उमंग अ‍ॅपवर ते दिसतं. वर पाहिलं तसं, तुमचे 1,740 आणि मालकाचे 532 अधिक 1,208, असे तीन आकडे तिथे वेगवेगळे दिसायला हवेत.

नाव, जन्मतारीख आणि रुजू तारीख आधारशी आणि नेमणूकपत्राशी जुळते का ते आत्ताच पाहा. दिवस आणि महिना उलटा झालेला असू शकतो. नोकरीत असताना ही दुरुस्ती एका अर्जाने होते. नोकरी सुटल्यावर, कंपनी बंद पडल्यावर, तीच दुरुस्ती करायला कागद शोधत फिरावं लागतं.

आणि तुम्ही अकाउंटंट असाल किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पगाराचं सॉफ्टवेअर बनवत असाल, तर ते एकदा मुद्दाम छळून बघा. सेव्ह दोनदा दाबा. नावात अपॉस्ट्रॉफी टाका. 5 जून तारीख भरून परत उघडा. निम्म्यात प्लग काढा. एवढं करूनही टोकन 27 चे 12,451 रुपये जागच्या जागी, एकदाच आणि पूर्ण दिसले, तर ते सॉफ्टवेअर लोकांच्या पगाराला लावायला हरकत नाही.